गाला : एका स्फूर्तिदेवतेचे चरित्र

(द्वितीय वर्ष कला)

१९२९ सालच्या डिसेंबर महिन्यात पॅरिसमध्ये निघालेल्या एका नियतकालिकाच्या अंकात एक विलक्षण पान आहे. पानाच्या मध्यभागी रने माग्रीत या चित्रकाराने रंगवलेली एक विवस्त्र स्त्री उभी आहे आणि तिच्या चारही बाजूंनी सोळा पुरुषांची छोटी छोटी छायाचित्रे चौकटीसारखी मांडली आहेत. सोळाही जणांनी डोळे मिटून घेतलेले आहेत. माग्रीतच्या चित्रात काही शब्दही आहेत. अरण्यात दडलेली स्त्री आपल्याला दिसत नाही, असा त्यांचा आशय. मात्र स्त्री हा शब्द लिहिण्याऐवजी त्या जागी स्त्रीच रंगवली आहे.

हे सोळा जण म्हणजे त्या काळचे अतिवास्तववादी कवी, लेखक आणि कलावंत. पंथाचे अध्वर्यू आंद्रे ब्रेताँ त्यांत आहेत, लुई आरागाँ आहेत, चित्रपट दिग्दर्शक लुईस बुन्युएल आहेत. आणि त्यांतच कवी पॉल एल्युआर, चित्रकार माक्स अर्न्स्ट आणि चित्रकार साल्वादोर दाली हेही आहेत. या तिघांच्या आयुष्यात एकच स्त्री येऊन गेली होती. पहिल्याची ती पत्नी होती, दुसऱ्याची प्रेयसी होती आणि तो अंक निघाला त्या वेळी तिसऱ्याची सहचारिणी होऊ घातली होती. तिचे नाव गाला. त्या पानावर तिचा चेहरा नाही. स्त्रीची प्रतिमा मध्यभागी आणि हाडामांसाची एकही स्त्री भोवती नाही, असे हे पान पाहिले की या पंथातील स्त्रीचे स्थान काय होते, हे निराळे सांगावे लागत नाही.

आपण शारदेला वंदन करून लेखनास आरंभ करतो, तसे प्राचीन ग्रीक कवी म्यूझ नावाच्या नऊ भगिनींना आवाहन करीत. पुढे या देवता आकाशातून खाली उतरल्या आणि कवीच्या, चित्रकाराच्या आयुष्यातील एखाद्या स्त्रीलाच म्यूझ म्हणजे स्फूर्तिदेवता म्हणण्याचा प्रघात पडला. अतिवास्तववाद्यांनी तर या कल्पनेला पंथाचे तत्त्वच करून टाकले. पहिल्या महायुद्धाचा संहार पाहून या तरुणांचा बुद्धीवरचा, तर्कावरचा विश्वास उडाला होता. फ्रॉइडच्या सिद्धांतांनी त्यांना स्वप्नांचा आणि अबोध मनाचा नवा प्रदेश दाखवला होता. त्या प्रदेशाचे दार प्रेमाने उघडते आणि त्याची किल्ली स्त्रीच्या हाती असते, अशी त्यांची श्रद्धा होती. गाला ही या श्रद्धेची सर्वांत मोठी देवता. तिच्याविषयी कवींनी लिहिले, चित्रकारांनी तिला रंगवले, शत्रूंनी तिला चेटकीण ठरवले. परंतु ती स्वतः कोण होती, दिवसभर काय करीत होती, हे विचारणारे थोडे. तिच्या चरित्राकडे वळताना माझ्या मनात हाच प्रश्न आहे.

गालाचे मूळ नाव येलेना इवानोव्ना द्याकोनोव्हा. जन्म १८९४ साली रशियातील कझान शहरी झाला. बालपण आणि शिक्षण मॉस्कोला झाले. वडिलांचे छत्र लवकर हरपले; आईने नंतर एका वकिलाशी संसार मांडला आणि या सावत्र वडिलांनी मुलांच्या शिक्षणात काही कमी पडू दिले नाही. पुढे रशियाची थोर कवयित्री म्हणून गाजलेली मारिना त्स्वेतायेवा आणि तिची बहीण अनास्तासिया या तिच्या मैत्रिणी होत्या. म्हणजे कविता गालाला पॅरिसमध्ये प्रथम भेटली नाही. ती वाचनाची आणि काव्याची ओढ घरूनच घेऊन निघाली होती.

अठराव्या वर्षी तिला क्षयाने गाठले. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. उंचावरची कोरडी थंड हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच काय तो उपाय. घरच्यांनी तिला स्वित्झर्लंडमधील दाव्होसजवळच्या क्लावादेल येथील आरोग्यधामात पाठवले. मॉस्कोहून इतक्या दूर परक्या देशात, परक्या भाषेच्या माणसांत ही मुलगी येऊन राहिली. तेथेच तिला तिच्याहून वर्षभराने लहान असा एक फ्रेंच मुलगा भेटला. यूजेन ग्रँदेल त्याचे नाव. तोही क्षयाचाच रोगी, आईवडिलांचा एकुलता एक. तो चोरून कविता लिहीत असे. पॅरिसला जमिनींचा व्यवहार करणाऱ्या वडिलांना मुलाचे हे वेड पसंत नव्हते. गालाने मात्र त्याला कवी मानले, आणि तेही त्याने स्वतःला कवी मानण्याआधी. १९१४ साली त्याचे एक छोटे पुस्तक निघाले. त्याला प्रस्तावना टोपणनावाने गालानेच लिहिली होती. पुढे या मुलाने आईकडच्या आजीचे आडनाव घेतले आणि तो पॉल एल्युआर झाला. त्याच्या पुस्तकावर पहिली प्रस्तावना लिहिणाऱ्या मुलीचे नाव मात्र टोपणनावाआड राहिले.

१९१४ मध्ये दोघे बरे होऊन आपापल्या देशी परतले आणि लगेच महायुद्ध पेटले. मध्ये सगळा युरोप जळत असताना या दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. अखेर १९१६ मध्ये गालाने घरच्यांचे मन वळवले आणि ती एकटी पॅरिसला निघाली. सरळ वाट युद्धाने बंद होती. हेलसिंकी, स्टॉकहोम, लंडन असा मोठा वळसा घालून ती बावीस वर्षांची मुलगी फ्रान्सला पोहोचली. रशियात आपले घर, आई, भावंडे सोडून ती आली होती. पुढे वर्षभरातच तिकडे राज्यक्रांती झाली आणि परतीचा रस्ता जवळजवळ मिटला. २१ फेब्रुवारी १९१७ रोजी सैन्यातून रजेवर आलेल्या एल्युआरशी तिचे लग्न झाले. १९१८ च्या मे महिन्यात त्यांना सेसील ही मुलगी झाली.

युद्ध संपले आणि एल्युआरची ब्रेताँ, आरागाँ, फिलिप सूपो या तरुणांशी मैत्री जुळली. घरी मंडळी जमू लागल्या, वादविवाद, काव्यवाचन होऊ लागले. गाला तेथे असे. परंतु यजमानाच्या बायकोने चहा द्यावा आणि कौतुकाने ऐकावे, एवढ्यावर समाधान मानणारी ती नव्हती. तिला मते होती आणि ती ती तोंडावर सांगत असे. त्यामुळे त्या मंडळींपैकी अनेकांना ती आवडत नसे. माक्स अर्न्स्टने १९२२ साली या साऱ्या मित्रांचे एक मोठे समूहचित्र रंगवले. ते आज जर्मनीत कोलोन येथील लुडविग संग्रहालयात आहे. त्यात त्या काळचे मित्र आहेत, शिवाय दस्तयेव्हस्की आणि राफाएल यांच्यासारखे कधीच निवर्तलेले थोर पुरुषही आहेत. स्त्री मात्र एकच, आणि ती गाला. अगदी उजव्या कडेला, पाठमोरी वळलेली, जणू चित्राबाहेर निघालेली.

हा अर्न्स्ट एल्युआर दांपत्याला भेटला तो १९२१ च्या नोव्हेंबरमध्ये, कोलोन येथे. महायुद्धात एल्युआर आणि अर्न्स्ट परस्परांच्या शत्रूच्या सैन्यात होते. आता ते सख्ख्या भावासारखे झाले. अर्न्स्टची चिकटचित्रे आणि एल्युआरच्या कविता अशी दोन पुस्तके १९२२ मध्ये निघाली. त्याच वर्षी अर्न्स्ट आपली पत्नी लुईझे श्ट्राउस आणि दोन वर्षांचा मुलगा यांना सोडून एल्युआरच्या घरी राहायला आला. जर्मन माणसाला त्या वेळी फ्रान्समध्ये प्रवेश मिळणे अवघड होते. तो लपूनछपूनच आला. गाला आणि अर्न्स्ट यांचे प्रेम जमले होते. एल्युआरला ते ठाऊक होते आणि त्याने ते चालू दिले. प्रेमात मालकी नसावी, असे त्या मंडळींचे तत्त्व होते. तत्त्व मांडणे सोपे असते. तीन माणसांनी एका छपराखाली ते रोज जगणे किती कठीण, हे त्यांना लवकरच कळले.

पॅरिसजवळच्या ओबोन या गावी १९२३ मध्ये एल्युआरने घर घेतले आणि अर्न्स्टने त्या घराच्या भिंतींवर चित्रे रंगवली. विचित्र वनस्पती, प्राणी, हात आणि त्यांत वावरणारी एक स्त्री. घर पुढे विकले गेले आणि नव्या मालकांनी त्या चित्रांवर कागद चिकटवून टाकले. १९६० नंतरच्या दशकात, मोठ्या झालेल्या सेसीलच्या आठवणींच्या आधारे ती चित्रे पुन्हा उजेडात आली आणि भिंतींवरून काढून वेगवेगळ्या संग्रहालयांत गेली. त्यांतले एक आज जर्मनीत ड्यूसेलडोर्फ येथे आहे, एक इराणात तेहरान येथे. अर्न्स्टने १९२३ मध्ये गालाला समोर ठेवून रंगवलेले एक मोठे नग्नचित्र मात्र हरवले. नाझींनी ते जप्त केले, १९३७ च्या भ्रष्ट कलेच्या प्रदर्शनात टांगले आणि त्यानंतर त्याचा पत्ता लागला नाही. १९२४ च्या दुसऱ्या एका चित्रात त्याने गालाचे फक्त डोळे आणि चेहऱ्याचा खालचा भाग रंगवला आहे; कपाळाच्या जागी कागदाच्या गुंडाळीसारखे काहीतरी उलगडत जाते. मॅन रे या छायाचित्रकाराने टिपलेल्या तिच्या डोळ्यांवरून हे चित्र काढले आहे. हे डोळे फार पाहणारे आहेत. डोळे मिटलेल्या त्या सोळा जणांशेजारी हे चित्र ठेवले, तर कोण कोणाला पाहत होते, असा विचार मनात येतो.

१९२४ च्या मार्चमध्ये एल्युआरचा धीर सुटला. वडिलांच्या व्यवसायातील पैसे घेऊन तो कोणालाही न सांगता नाहीसा झाला आणि बोटीने जगाच्या दुसऱ्या टोकाला निघाला. पॅरिसमध्ये मित्रांनी तो मेला असे धरून चालायला सुरुवात केली. गालाने काय केले? रडत बसण्याइतकी सवड तिला नव्हती. एल्युआरने जमवलेली चित्रे तिने लिलावात विकली, प्रवासाचे पैसे उभे केले आणि अर्न्स्टला बरोबर घेऊन ती त्या वेळच्या फ्रेंच इंडोचायनातील सायगावला गेली. तेथे तिघांची भेट झाली. एल्युआर आणि गाला एकत्र परतले; अर्न्स्ट मागाहून एकटा आला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रेताँचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि एल्युआर काही घडलेच नाही अशा रीतीने मित्रांत येऊन बसला. कलेच्या इतिहासात १९२४ हे साल त्या जाहीरनाम्यासाठी नोंदवलेले असते. त्याच वर्षी एका स्त्रीने लिलाव करून, समुद्र ओलांडून पंथाचा एक प्रमुख कवी परत आणला, हे त्यापुढे कोणी नोंदवीत नाही.

एल्युआरच्या १९२६ आणि १९२९ मध्ये निघालेल्या दोन प्रसिद्ध काव्यसंग्रहांवर गालाची छाया आहे; दुसरा तर तिलाच अर्पण केलेला आहे. आणि ज्या वर्षी हा संग्रह तिला अर्पण झाला, त्याच वर्षी ती त्याला सोडून गेली.

१९२९ च्या ऑगस्ट महिन्यात एल्युआर, गाला आणि अकरा वर्षांची सेसील स्पेनमधील काडाकेस या समुद्रकाठच्या गावी गेली. माग्रीत दांपत्यही होते. दाली तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, गाला पस्तिशीला आलेली. दालीची मनःस्थिती त्या वेळी फार बिघडलेली होती. काही कारण नसताना त्याला हसण्याचे झटके येत आणि तो हसत हसत जमिनीवर कोसळत असे. इतरांना ती गंमत वाटे. हा तरुण वेडाच्या काठावर उभा आहे, हे गालाने ओळखले. ती त्याच्याबरोबर खडकांवर तासन् तास फिरली, त्याच्याशी बोलली, त्याचे ऐकून घेतले. हळूहळू त्याचे झटके ओसरले. आपल्याला गालाने वेडापासून वाचवले, असे दाली जन्मभर सांगत राहिला. दाली अतिशयोक्तीत बोलणारा माणूस होता. तरी एवढ्यापुरता त्याचा शब्द खरा मानायला हरकत नाही. एल्युआर पॅरिसला परतला, गाला मागे राहिली. तिच्यासाठी ते घर सुटले, ते कायमचे.

दालीच्या वडिलांनी १९२९ च्या अखेरीस मुलाला घराबाहेर काढले. दोघांकडे पैसा नव्हता. ज्या चित्रविक्रेत्याने दालीचे प्रदर्शन भरवले होते त्याचाच धंदा बुडत चालला होता आणि येणे असलेली रक्कम वसूल करायला गालालाच पॅरिसला जावे लागले. पुढे एका धनिक सरदाराने एका चित्रासाठी आगाऊ रक्कम दिली. त्या पैशातून त्यांनी १९३० मध्ये काडाकेसजवळच्या पोर्त यिगात येथे एका कोळ्याची लहानशी झोपडी विकत घेतली. पुढची चाळीस वर्षे शेजारच्या झोपड्या एकेक करून जोडत त्यांनी तेथेच घर वाढवले. आज ते घर पाहायला जगभरातून लोक येतात.

आता स्फूर्तिदेवता या शब्दाकडे पुन्हा पाहू. देवतेने आसनावर बसावे आणि भक्ताने तिच्याकडे पाहून चित्र काढावे, असे दृश्य आपल्या डोळ्यांपुढे येते. गालाचा दिवस असा जात नव्हता. १९२९ च्या उन्हाळ्यात दालीने काढलेली अस्ताव्यस्त टिपणे तिने गोळा केली, वाचली, लावली आणि त्यांतूनच १९३० साली त्याचे पहिले महत्त्वाचे गद्य पुस्तक उभे राहिले. दालीचे शुद्धलेखन भयंकर असे. त्याच्या डोक्यातून नाना कल्पना निघत. आरशाची कृत्रिम नखे, पाणी भरून त्यात मासे सोडलेल्या पारदर्शक पुतळ्या. या कल्पना कागदावर घेऊन गाला रोज दुपारी पॅरिसच्या रस्त्यांवरून दुकाने, कारखाने हिंडत असे आणि नकार घेऊन संध्याकाळी थकून परत येत असे. कामावर बसलेल्या दालीला ती पुस्तक वाचून दाखवी. चित्राची किंमत ती ठरवी, सौद्याची बोलणी ती करी. पैसा येण्याची शाश्वती नव्हती, तेव्हा १९३२-३३ च्या सुमारास तिने एका राजघराण्यातील स्नेह्याच्या साहाय्याने बारा रसिक श्रीमंतांचे एक मंडळ जमवले. प्रत्येकाने वर्षातला एक महिना वाटून घ्यायचा, त्या महिन्याचा खर्च द्यायचा आणि बदल्यात दालीचे चित्र घ्यायचे. बारा जण म्हणून मंडळाला राशिचक्राचे नाव मिळाले. दालीला निर्वेध चित्रे काढता आली ती या व्यवस्थेमुळे.

चित्र पाहून ते किती मोलाचे आहे हे ओळखण्याची नजरही तिला होती. १९३१ मधील एका संध्याकाळची हकीगत दालीने सांगून ठेवली आहे. डोके दुखत होते म्हणून तो घरी राहिला आणि गाला मित्रांबरोबर चित्रपटाला गेली. जेवणाच्या मेजावर मऊ पडलेले चीज पाहता पाहता त्याला वितळणारी घड्याळे सुचली आणि अर्धवट पडलेल्या एका निसर्गचित्रात त्याने ती रंगवून टाकली. गाला परत आल्यावर त्याने तिला डोळे मिटून बसवले आणि मग चित्र दाखवले. तीन वर्षांनी तिला हे चित्र आठवेल का, असे त्याने विचारले. एकदा पाहिलेला माणूस हे चित्र विसरणार नाही, असा तिने निर्वाळा दिला. चोवीस सेंटिमीटर उंचीचे हे छोटे चित्र १९३४ पासून न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे आणि विसाव्या शतकातील चित्रकलेची ओळख करून देताना ते वगळता येत नाही.

गालाने स्वतःही काही घडवले. अतिवास्तववादी मंडळींनी १९३१ मध्ये रोजच्या वापरातल्या चीजवस्तू जोडून प्रतीकात्मक वस्तू करण्याचा प्रयोग मांडला, तेव्हा नियतकालिकात ब्रेताँ, दाली, जाकोमेत्ती यांच्या वस्तूंबरोबर गालाचीही वस्तू छापली गेली. त्या दिशेने ती फार पुढे गेली नाही. दाली मात्र तिचा वाटा उघड मान्य करीत होता. त्याने आपल्या अनेक चित्रांवर गाला आणि दाली अशी जोडसही केली. सोळा जणांत एवढे तरी कोणी आपल्या सहचारिणीला दिले होते काय?

चित्रांतली गाला किती रूपांची आहे! १९३३ च्या एका चित्रात तिच्या खांद्यांवर मांसाचे दोन तुकडे ठेवलेले आहेत. १९४५ च्या सुमाराच्या चित्रात ती हातांची घडी घालून थेट आपल्याकडे रोखून पाहते. १९४९ मध्ये ती अणुयुगातील ग्रीक राणी लीडा होऊन अधांतरी बसली, त्याच सुमारास पोर्त यिगातची माता मेरी झाली आणि १९५२ मध्ये तिचा चेहरा असंख्य गोलांत विखुरला. हिरोशिमानंतर दालीच्या डोक्यात अणूचे वेड शिरले होते. पदार्थ म्हणजे एकमेकांना न शिवणाऱ्या कणांचा समूह, हा विचार मांडायलाही त्याने चेहरा घेतला तो गालाचाच. भक्ताने देवतेला कितीही रूपांत सजवले, तरी तिने काही बोलावे असे त्याला वाटत नाही. या चित्रांतून दालीच्या मनात काय चालले होते ते कळते. गालाच्या मनातले त्यांतून कळत नाही.

येथवर लिहून मी थांबले असते, तर गालाची आरतीच झाली असती. परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

अर्न्स्टने सोडलेली लुईझे श्ट्राउस ही सामान्य स्त्री नव्हती. कलेच्या इतिहासात तिने डॉक्टरेट मिळवली होती. नवरा गेल्यावर तिने पत्रकारिता करून मुलाला वाढवले. ती ज्यू होती. हिटलर आल्यावर ती फ्रान्सला पळाली. १९४४ मध्ये तिला पकडून औश्वित्झला पाठवण्यात आले आणि ती परत आली नाही. हा गालाचा अपराध नव्हे. पण एल्युआरच्या घरातल्या रंगीत भिंतींची किंमत कोणी कोणी मोजली, याचा हिशेब मांडताना लुईझेचे नाव गाळता येणार नाही.

दुसरी सेसील. गाला आपल्या मुलीची आई झाली, पण तिने आईपण फारसे केले नाही. सेसील वाढली ती बहुतांशी आजीच्या मायेखाली. १९४० मध्ये जर्मनांनी फ्रान्स जिंकला तेव्हा गाला आणि दाली अमेरिकेला निघून गेले आणि १९४८ पर्यंत तिकडेच राहिले. सेसील फ्रान्समध्येच होती. १९८२ मध्ये आई अंथरुणाला खिळल्याचे कळल्यावर ही चौसष्ट वर्षांची मुलगी पोर्त यिगातला आली, तेव्हा तिला आईची भेट नाकारण्यात आली. हे वाचताना गालाबद्दलचा आदर डळमळतो, हे मी कबूल करते. ज्या स्त्रीने वेडाच्या काठावरचा परका मुलगा सावरला, तिला आपली मुलगी सावरता आली नाही. मात्र एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. अर्न्स्टने दोन वर्षांचा मुलगा सोडला, म्हणून कोणी त्याच्या चित्रांवर डाग लावत नाही. गालाने मुलगी सोडली, तर तिचे सारे आयुष्य त्या एका तराजूत तोलले जाते. दोघांचा अपराध एकच असेल, तर तराजूही एकच हवा.

तिसरी गोष्ट पैशाची. अमेरिकेत दालीला अमाप पैसा मिळू लागला. ब्रेताँने त्याच्या नावातील अक्षरे उलटसुलट करून डॉलरलोभी अशा अर्थाचे नाव तयार केले आणि त्यामागे गालाच आहे, असे सगळे म्हणू लागले. तिला पैसा प्रिय होता, यात शंका नाही. उतारवयात जुगार, तरुण मित्र आणि त्यांच्यावरची उधळपट्टी हेही होते. दालीने कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या आणि त्यांतून बनावट चित्रांचा बाजार माजला, तोही याच काळात. परंतु क्षयाची रोगी म्हणून परदेशी आलेली, क्रांतीने मायदेश तुटलेली, दारोदार नकार पचवलेली बाई पैशाला घट्ट धरून बसली, तर त्याचे नवल वाटू नये. आणि चित्रे विकली म्हणून दोष द्यायचा, तर त्या पैशावर जगणाऱ्या चित्रकारालाही द्यावा.

एल्युआर मरेपर्यंत तिला विसरला नाही. त्याने न्यूश नावाच्या मुलीशी लग्न केले, सुखाने संसार केला, तरी गालाला तो पत्रे लिहीत राहिला. ती पत्रे गालाने जपून ठेवली. तिच्या मृत्यूनंतर १९८४ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. १९४८ पर्यंतची ही पत्रे आहेत, पण सगळी एल्युआरची. एका बाजूचे संभाषण ऐकावे तसे ते पुस्तक आहे. १९५२ मध्ये एल्युआर वारला. दालीशी गालाचे नोंदणी पद्धतीचे लग्न १९३४ मध्येच झाले होते. आता चर्चमध्ये विवाह करण्याची वाट मोकळी झाली आणि १९५८ मध्ये तो झाला.

म्हातारपणी तिने एक विलक्षण मागणी केली. दालीने तिला पुबोल या खेड्यातील मोडकळीस आलेला एक जुना किल्लेवजा वाडा १९६९ मध्ये घेऊन दिला. वाडा तिने स्वीकारला, पण एका अटीवर. तिने लेखी निमंत्रण पाठवल्याशिवाय दालीने तेथे पाऊल ठेवायचे नाही. दालीने ही अट आनंदाने मान्य केली. मध्ययुगातील सरदारांच्या प्रेमकथा त्याला आठवल्या. गालाला काय आठवले असेल? पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात ती आरोग्यधामात राहिली, सासरी राहिली, तिघांच्या घरात राहिली, चित्रकाराच्या कार्यशाळेत राहिली. दार आपण आतून लावू शकू असे घर तिला प्रथमच मिळाले होते.

१० जून १९८२ रोजी पोर्त यिगात येथे तिचे निधन झाले. तिचा देह मोटारीतून पुबोलला नेण्यात आला आणि त्या वाड्याच्या तळघरात तिचे दफन झाले. शेजारी दालीने स्वतःसाठी जागा ठेवली होती. गाला गेल्यावर तो पुबोललाच येऊन राहिला. १९८३ मध्ये त्याने शेवटचे चित्र काढले आणि त्यानंतर कुंचला ठेवला. १९८४ मध्ये वाड्यात आग लागून तो भाजला, तेव्हा त्याला तेथून हलवले. १९८९ मध्ये तो वारला आणि त्याचे दफन फिगेरास या जन्मगावी, त्याच्याच संग्रहालयात झाले. पुबोलच्या तळघरातील दुसरी जागा आजही रिकामी आहे.

गालाच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी एक गोष्ट उघड झाली. पुबोलच्या वाड्यात तिच्या हस्ताक्षरातील आत्मचरित्रपर पाने सापडली. २०११ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. २०१८ मध्ये बार्सिलोनाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात केवळ गालावर एक मोठे प्रदर्शन भरले आणि तिच्याकडे लेखिका, संकल्पक, दालीची सहनिर्माती म्हणून पाहिले गेले. डोळे मिटलेल्या त्या सोळा जणांच्या पानानंतर एकोणनव्वद वर्षांनी कोणीतरी डोळे उघडून पाहिले.

मी महाविद्यालयात प्रवेश घेताना अर्जात आईचा व्यवसाय असा एक रकाना होता. मी सवयीने घरकाम असे लिहिले. पेरणीपासून मळणीपर्यंत ती शेतात असते आणि दुधाचा सगळा हिशेब तिच्या तोंडपाठ असतो, हे लिहिताना आठवलेच नाही. त्या रकान्यात मी काही खोटे लिहिले नव्हते. फक्त अर्धेच लिहिले होते. गालाविषयी वाचताना मला तो रकाना पुन्हा आठवला. स्फूर्तिदेवता हे नावही खोटे नाही. ते अर्धे आहे.

गालाची पूजा करण्याचे कारण नाही, तशी तिची निंदा करण्याचेही नाही. तिने चुका केल्या, माणसे दुखावली, एका मुलीला आईवाचून ठेवले. त्याच स्त्रीने एका कवीला तो कवी होण्यापूर्वी ओळखले, एका चित्रकाराला सावरले, त्याचे लिखाण लावले, त्याच्या घरात चूल पेटत राहील असे पाहिले. एल्युआरच्या कविता आणि दालीची चित्रे यांमागे जर तिची प्रेरणा असेल, तर त्या प्रेरणेत तिचे हे रोजचे श्रमही मिळालेले आहेत. पुढच्या वेळी दालीच्या चित्राखाली त्या दोन नावांची जोडसही दिसली, तर पहिल्या नावावर क्षणभर थांबावे, एवढेच वाचकांना सांगणे आहे.